टॉमस ग्रॅहम उर्फ लॉर्ड लिनडॉक: बायकोच्या शवपेटीसाठी कुणी वीस वर्षं लढतं का?

टेकडीवरची:
एडिनबराच्या नॅशनल गॅलरीत गेन्सबरोने काढलेलं मिसेस ग्रॅहमचं पूर्ण उंचीचं चित्र आहे. बाई खांबाला रेलून उभी, रुपेरी साटिनचा झगा, आत गर्द गुलाबी परकर, हॅटवर पिसं, हातात पण एक पीस, आणि नजर आपल्याकडे नाहीच, भलतीकडेच कुठेतरी. १७७७ ला ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं तेव्हा ती जेमतेम विशीची होती. पण मला धागा काढायचाय तो तिच्या नवऱ्यावर.

नवरा म्हणजे टॉमस ग्रॅहम, जन्म १७४८, पर्थशायरमधल्या बॅलगोवनचा जमीनदार, आई हॉपटाउनच्या अर्लची मुलगी. १७७४ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मेरी कॅथकार्टशी लग्न झालं, ती तेव्हा सतराची. पुढे बरीच वर्षं शेती, घोडे, शिकार, प्रवास असं खाऊनपिऊन सुखी आयुष्य, मूलबाळ नाही. मग मेरीला क्षय झाला, हवापालट म्हणून तिला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला नेलं आणि तिथेच जून १७९२ मध्ये जहाजावर ती गेली. हा शवपेटी घेऊन फ्रान्समधून घरी निघाला, तर तुलूझजवळ क्रांतीवाल्या दारू ढोसलेल्या टोळक्याने आत काहीतरी लपवलंय म्हणून ती पेटीच फोडली.

आणि इथून पुढे सगळीकडे एकच गोष्ट. नवरा पेटून उठला, पंचेचाळिशीला टेकलेला असताना तलवार हातात घेतली, जनरल झाला, नेपोलियनच्या मार्शलला धूळ चारली, खासदार झाला, लॉर्ड झाला, ९५ वर्षं जगला.

मला हे पचत नाही. रागाच्या भरात माणूस एखादी लढाई लढेल, पण हा बाबा १७९३ ते १८१४ लढतोय. तुम्हाला काय वाटतं? आणि लष्करी इतिहासवाल्यांनी हेही सांगा की जनरल म्हणून तो खरंच बरा होता की नुसता खानदानी.

पावशेर:
रुमाल टाकून ठेवतोय.

उंटावरची:
चित्र बघितलं नेटवर. काय तो परकर! बाकी विषयाला पास, वाचतेय.

बखरबहाद्दर:
छान विषय. आधी सनावळी मांडतो म्हणजे भांडायला सोपं.

१७९३ ला फ्रान्सच्या तूलाँ बंदराला वेढा पडला तेव्हा ग्रॅहम तिथे स्वयंसेवक म्हणून गेला, लॉर्ड मलग्रेव्हचा एडीसी म्हणजे मदतनीस अधिकारी. ना हुद्दा ना पगार. एका चकमकीत पुढचा शिपाई पडला तर याने त्याच्या जागी उभं राहून हल्ल्यात भाग घेतला. त्याच वेढ्यात समोरच्या बाजूला बोनापार्ट नावाचा एक पोरगेलासा तोफखाना अधिकारी होता, त्याचं नाव पण इथूनच झालं. परत आल्यावर १७९४ मध्ये ग्रॅहमने स्वतःच्या भागातून पलटण उभी केली, ९० वी, पर्थशायर व्हॉलंटियर्स. त्याच वर्षी पर्थशायरचा खासदार झाला तो १८०७ पर्यंत.

मग १७९६ ला इटलीत ऑस्ट्रियन सैन्याबरोबर, तिथून मिनोर्का, माल्टाचा वेढा, १८०८ ला ब्रिटिश सेनापती सर जॉन मूरबरोबर आधी स्वीडन मग स्पेन, कोरुन्याची माघार, वाल्खेरेनची फसलेली मोहीम, कादिझ, बरोसा, सिउदाद रोद्रिगो, व्हितोरिया, सान सेबास्तियान, आणि शेवट हॉलंडमध्ये बर्गेन-ऑप-झूमला. हा शेवट वाईट झाला बरं का, मार्च १८१४ मध्ये रात्रीचा हल्ला चढवला, माणसं आत घुसली पण, आणि सकाळपर्यंत सगळं हातचं गेलं. तरी मे महिन्यात बॅरन लिनडॉक झाला. पदवीसोबत वर्षाला दोन हजार पौंड पेन्शन देऊ केली होती ती त्याने नाकारली.

टेकडीवरच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बरोसात दिसतं पण ते नंतर लिहितो, जेवायला बोलावणं आलंय.

दीडशहाणा:
आता मी थोडं पाणी ओततो. १७९३-९४ मध्ये ब्रिटनमधले निम्मे जमीनदार पलटणी उभ्या करत होते. फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडालं, सरदारांच्या जमिनी गेल्या, मग स्कॉटलंडच्या जमीनदाराला फ्रेंचांचा राग यायला बायकोची शवपेटी कशाला लागते? वर ग्रॅहम व्हिग पक्षाचा, म्हणजे सुरुवातीला सुधारणावाल्यांकडे कल असलेला. आता त्याला पक्ष न सोडता देशभक्त दिसायचं होतं. पलटण काढली आणि त्याच वर्षी बिनबोभाट खासदारकी, हा योगायोग? तेव्हा पर्थशायरमध्ये मतदार म्हणजे मूठभर जमीनवाले. १७७२ ला तिथेच ड्यूक ऑफ अ‍ॅथोलच्या भावाने त्याला पाडलं होतं. नंतर त्याच ड्यूक घराण्याशी सोयरिक झाली, मेरीच्या बहिणीचं लग्न अ‍ॅथोलच्या ड्यूकशी आणि तेही त्याच दिवशी, त्याच मांडवात. आपल्याकडे याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीये.

चिंचपोकळीचा ड्यूक:
साडू साडू वाटून खाऊ.

टेकडीवरची:
@दीडशहाणा, हिशोबी माणूस होता म्हणता तर हिशोब फारच कच्चा निघाला की. स्वतःच्या खिशातून पलटण काढून त्याला मिळाला तो तात्पुरता लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा. सैन्यात कायमचं स्थान मिळावं म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला आणि ब्रिटिश सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्क नियमावर बोट ठेवून नाही म्हणत राहिला. १८०९ ला, म्हणजे साठी उलटल्यावर मेजर जनरल म्हणून कायम केला, ते पण मूरची इच्छा होती म्हणून. खासदारकी हवी होती तर ती १७९४ लाच मिळाली होती, घरी बसून भाषणं करायची. हा इटलीत चिखल तुडवत होता.

आणि सासरेबुवांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. लॉर्ड कॅथकार्टने लिहिलं होतं की जेनने, म्हणजे मेरीच्या त्या बहिणीने, स्वतःच्या पसंतीने ड्यूक केला, आणि मेरीने केला तो तिच्या मनातला माणूस. म्हणजे सोयरिकीत ड्यूक कोण होता आणि बॅलगोवनचा साधा जमीनदार कोण होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दिली.

शेवंती२:
अवांतर पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या मेरीची जिवलग मैत्रीण म्हणजे डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना, ती फॅशनवाली, जुगारात कर्जबाजारी झालेली. मेरीला लिहिलेली तिची पत्रं वाचली तर आजच्या पोरी पण लाजतील. सगळे नवऱ्याच्या दुःखाबद्दल बोलताय, त्या बाईचं काय झालं असेल ते कुणी विचारत नाही.

पावशेर:
रुमाल उचलला. एकच प्रश्न, क्रिकेटवाला ग्रॅहम तो हाच का?

बखरबहाद्दर:
हाच तो. १७८५ मध्ये अ‍ॅलोआजवळ शॉ पार्क म्हणजे मेरीच्या माहेरच्या इस्टेटीवर सामना झाला, स्कॉटलंडमधला नोंद असलेला पहिला क्रिकेट सामना तो, आणि त्यात ग्रॅहम खेळला. मेव्हणे, साडू, पाहुणेरावळे अशा टीम.

जेवण झालं, आता बरोसा. ५ मार्च १८११. स्पेनमधल्या कादिझला फ्रेंचांचा वेढा पडलेला, शहर समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, मागे समुद्र इंग्रजांच्या ताब्यात. ठरलं असं की फौज जहाजाने खाली उतरवायची आणि वेढा घालणाऱ्यांच्या पाठीवर जायचं. मुख्य सेनापती स्पॅनिश, ला पेन्या. ग्रॅहम त्याच्या हाताखाली साधारण पाच हजार ब्रिटिश आणि पोर्तुगीज घेऊन. रात्र-रात्र चालवून माणसं दमलेली. बरोसाची टेकडी ही मोक्याची जागा, तिथे मागे थोडे लोक ठेवून ला पेन्याने ग्रॅहमला पुढे पाइनच्या जंगलातून यायचा हुकूम दिला. हा जंगलात शिरतो न शिरतो तोच बातमी आली की मार्शल व्हिक्टर सात हजार घेऊन मागून आलाय आणि टेकडीवरचे स्पॅनिश पळाले.

आता पुढे जायचं तर पाठीत गोळ्या. थांबून विचारायला जायचं तर ला पेन्या लांब. ग्रॅहमने सगळी फौज जंगलातच उलटी फिरवली आणि टेकडी चढायला लावली. रचना करायला वेळ लागणार म्हणून मेजर ब्राउनच्या ५३६ माणसांना आधी एकटंच वर धाडलं, उघड्या उतारावरून, समोर तोफा. पहिल्या काही फैरींतच निम्म्याच्या वर पडले. पण तेवढ्यात मागच्यांना जागा घेता आली. दोन तासांत फ्रेंच मागे. ८७ व्या पलटणीच्या सार्जंट मास्टरसनने फ्रेंचांचा गरुडध्वज हिसकावला, त्या युद्धात लढाईत ब्रिटिशांच्या हाती लागलेला पहिला. ब्रिटिशांकडचे बाराशेच्या वर मेले-जखमी, फ्रेंचांचे दोन हजारांच्या वर.

आणि ला पेन्या? जवळच उभा राहिला आणि हलला नाही. ग्रॅहम तेव्हा ६२ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन सरळ कादिझकडे निघून आला, याच्या हाताखाली पुन्हा नाही म्हणून. वेढा तसाच राहिला तो १८१२ च्या ऑगस्टपर्यंत.

मुद्दा असा की हे डूख धरून आलेल्या माणसाचं काम नाही. डूख धरलेला माणूस जंगलातून फिरताना डोकं शांत ठेवत नाही.

चिंचपोकळीचा ड्यूक:
पुढचं सांगा की राव, मजा तिथेच आहे. स्पॅनिश लोकांना लाज वाटली म्हणून त्यांनी ग्रॅहमला ड्यूक करायचं ठरवलं आणि पदवी काय, तर त्या टेकडीच्या नावावरून 'डुकराच्या मुंडक्याच्या टेकडीचा ड्यूक'. त्याने नम्रपणे नको म्हटलं. मी माझी पदवी घेऊन सुखी आहे.

उंटावरची:
हाहाहा ड्यूकसाहेब.

घोरपड:
या मातीशी संबंध कुणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. बरोसात ती गरुडध्वजवाली ८७ वी पलटण ज्याच्या हाताखाली होती तो ह्यू गफ. हाच गफ पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती, २९ डिसेंबर १८४३ ला ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेशी लढला. शिंद्यांच्या तोफा शेवटपर्यंत जागेवर राहिल्या आणि गोलंदाज तोफांजवळच मेले. आणि ग्रॅहम लंडनमध्ये वारला तो १८ डिसेंबर १८४३ ला. अकरा दिवस आधी.

दुसरा, कॉलिन कॅम्पबेल. बरोसाला १८ वर्षांचा पोरगा होता, ९ व्या पलटणीत. सान सेबास्तियानच्या पहिल्या हल्ल्यात सगळ्यात पुढच्या तुकडीत, तिथे जखमी झाला, ग्रॅहमने वरिष्ठांना कळवलेल्या अहवालात त्याचं नाव आहे. १८५७ ला हाच कॅम्पबेल म्हातारपणी इथे आला आणि ६ डिसेंबरला कानपूरला आपल्या येवल्याच्या तात्या टोप्यांचा पराभव केला. ग्रॅहमने काढलेली ९० वी पलटण पण त्या वर्षी लखनौला होती. स्पेनमधला ब्रिटिश सरसेनापती वेलिंग्टन, त्याचं आणि असईचं तर जालन्याच्या पोराला पण माहीत असतं. म्हणजे स्पेनमध्ये जे शिकले ते इथे वापरलं, आणि असईत शिकले ते स्पेनमध्ये.

दीडशहाणा:
@घोरपड, जबरदस्त प्रतिसाद. पण मग यांना हिरो कशाला करतोय आपण?

यार्रावाली:
कुणीही करू नये. अ‍ॅडलेडहून लिहितेय, इथून तासाभरावर बरोसा व्हॅली आहे, वाइन पिणाऱ्यांना सांगायला नको. १८३७ मध्ये कर्नल लाइटने, ज्याने अ‍ॅडलेडची आखणी केली, त्याने स्पेनच्या युद्धाच्या आठवणीत त्या डोंगररांगेला बरोसा नाव दिलं आणि जवळच्या जागेला लिनडॉक, आपल्या मित्राचं. कागद लिहिणाऱ्याने दोन्हीची स्पेलिंगं चुकवली आणि ती तशीच राहिली. आज लिनडॉक गावात शिराझ पिणाऱ्या शंभरातल्या एकाला पण म्हातारा माहीत नसेल.

चिंचपोकळीचा ड्यूक:
डुकराचं मुंडकं नाकारलं आणि शिराझ मिळाली. शहाणा माणूस.

किनारपट्टी:
इतका वेळ वाचत होते, आता लिहावंच लागेल. मी तीन वर्षं सान सेबास्तियानला राहिले. जुन्या गावात एक गल्ली आहे, काये ३१ दे आगोस्तो. पिंचो खायला सगळे टुरिस्ट तिथेच. तिचं नाव त्या तारखेवरून आहे, ३१ ऑगस्ट १८१३. त्या दिवशी ब्रिटिश-पोर्तुगीज फौजेने फ्रेंचांकडून शहर घेतलं आणि मग आपल्याच दोस्तांच्या शहरात लूट, बलात्कार, खून, आणि आग. ती गल्ली सोडून जवळजवळ अख्खं गाव जळालं, म्हणून ती गल्ली जुनी दिसते. दरवर्षी त्या रात्री लोक खिडक्यांत मेणबत्त्या लावतात. वेढ्याचा सेनापती कोण? तुमचा टॉमस ग्रॅहम. धाग्यात इतक्या वेळा बरोसा आलं, सान सेबास्तियान नुसतं ओझरतं.

बायकोच्या शवपेटीला हात लावला म्हणून पेटलेला माणूस, आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी त्या शहरातल्या बायकांचं काय केलं. हा धागा त्याच्या दुःखावर चाललाय.

बखरबहाद्दर:
किनारपट्टी, मुद्दा रास्त आहे. लष्करी बाजू फक्त जोडतो. २५ जुलैचा पहिला हल्ला फसला होता. ३१ ऑगस्टला तटबंदीच्या भगदाडात माणसं अडकून मरत होती तेव्हा ग्रॅहमने स्वतःच्याच लोकांच्या डोक्यावरून तोफा चालवायचा हुकूम दिला, तो तेव्हा अघोरी मानला गेला, पण लागू पडला. त्या एका दिवसात दोन हजारांच्या वर माणसं पडली. आग फ्रेंचांनीच लावली असं वेलिंग्टनने शेवटपर्यंत म्हटलं, गावकऱ्यांनी ते कधीच मानलं नाही. फ्रेंच वर किल्ल्यात आणखी आठवडाभर होते.

किनारपट्टी:
आग कुणी लावली यावर वाद घाला, घरात घुसून जे केलं त्यावर वाद नाहीये. अधिकारी आवरू शकले नाहीत की आवरले नाहीत, तेवढंच उरतं.

शेवंती२:
किनारपट्टीला शंभर टक्के अनुमोदन.

मुक्काम_पोस्ट:
मी धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं उत्तर मान्तुआत आहे.

१७९६ चा हिवाळा. इटलीत मान्तुआच्या किल्ल्यात ऑस्ट्रियन सेनापती वुर्मझर अडकलाय, बाहेर बोनापार्टचा वेढा, आत लोक घोडे खातायत. ग्रॅहम ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून त्याच्याबरोबर आत. आता बाहेरच्या ऑस्ट्रियन फौजेला आतली अवस्था कळवायची कुणी? २४ डिसेंबरच्या रात्री, पाऊस आणि बर्फाचा चिखल चालू असताना हा वेष बदलून बाहेर पडला. मान्तुआच्या भोवती दलदल, कमरेइतकं पाणी, फ्रेंच पहारे. रात्री चालायचं, उजाडलं की कुठेतरी लपायचं. वाट चुकत, कालवे ओलांडत ४ जानेवारीला तो ऑस्ट्रियन छावणीत पोचला. वय ४८. गावी हजारो एकर जमीन, संसदेत जागा.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला यात रस होता हो! मेरी असताना तो असाच होता, फक्त कामं वेगळी. गोष्ट अशी सांगतात की एडिनबराला बॉल होता आणि मेरीचे दागिने घरी राहिले, तर हा घोडे बदलत नव्वद मैल जाऊन ते घेऊन आला. दुसरी अशी की लंडनमध्ये त्यांची घोडागाडी लुटारूंनी अडवली, तर याने बायकांच्या मांडीवरून उडी मारून एकाची मानगूट धरली. या गोष्टी वाढवून सांगितलेल्या असतील नसतील, पण माणूस कोणत्या जातकुळीचा आहे ते दिसतं. शेती आणि शिकारीत ती रग जिरत होती. मेरी गेल्यावर त्या घरात परत जायचं नव्हतं, आणि युद्धात रोज सकाळी काहीतरी करायला मिळतं. शवपेटीने त्याला कुणाविरुद्ध लढायचं ते दिलं. लढायची खाज आधीपासूनची.

दीडशहाणा:
हे पटण्यासारखं आहे. माझ्या खासदारकीच्या थिअरीपेक्षा बरं.

टेकडीवरची:
@मुक्काम_पोस्ट, फार आवडलं. तरी एक गोष्ट अडते. चित्राचं काय? चित्र त्याने गुंडाळून ठेवलं, पुन्हा घरात लावलं नाही, तो मेल्यावर वारसाच्या हाती लागलं. रॉबर्ट ग्रॅहमने १८५९ मध्ये ते गॅलरीला दिलं, आणि अट घातली की स्कॉटलंडबाहेर जायचं नाही. पन्नास वर्षं ज्याला ते भिंतीवर नको होतं त्याला नुसती लढायची खाज होती असं कसं म्हणू? त्याने दुसरं लग्न पण केलं नाही. मेथ्व्हेनला तिच्यासाठी बांधलेल्या थडग्यातच तो पुरलाय.

मुक्काम_पोस्ट:
दोन्ही खरं असू शकतं ना. खाज होती म्हणून दुःख नव्हतं असं मी कुठे म्हटलं.

शेवंती२:
पुरुषाने चित्र झाकून ठेवलं की केवढं प्रेम, बाईने झाकलं असतं तर म्हणाले असते विसरली.

पावशेर:
म्हातारपणात काय करत होता पण? १८१४ ते १८४३ म्हणजे जवळजवळ तीस वर्षं.

बखरबहाद्दर:
स्वस्थ बसला नाही. १८१५ ला युद्ध संपल्यावर अर्ध्या पगारावर घरी आलेल्या अधिकाऱ्यांसाठी लंडनला युनायटेड सर्व्हिस क्लब सुरू करण्यात पुढाकार त्याचा. त्याची पॉल मॉलवरची इमारत अजून आहे. डोळे स्पेनच्या उन्हात आणि दुर्बिणीपायी गेले होते, त्यासाठी १८१२ मध्ये घरी यावं लागलं, आणि घरी आल्यावर निवडणूक लढवून थोडक्या मतांनी हरला तो वेगळाच ताप. मोतीबिंदूची ऑपरेशनं केली, तीही भूल नसलेल्या काळात. शिकारीला घोड्यावर शेवटपर्यंत. १८४२ ला राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडला येणार कळल्यावर ९३ वर्षांचा हा गृहस्थ स्वित्झर्लंडहून निघून तिच्या स्वागताला हजर.

चिंचपोकळीचा ड्यूक:
आमचे आजोबा ९३ ला चाळीच्या गॅलरीत जायला पण दोन माणसं मागायचे.

काळा_चहा:
आत्ताच धागा पाहिला. पुढच्या महिन्यात एडिनबराला ऑफिसच्या कामाने जातेय. तिकीट किती? आणि वेळ कमी असेल तर नुसतं हे चित्र बघून बाहेर पडता येईल का?

टेकडीवरची:
@काळा_चहा, कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, सरळ आत जा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला टेकडीखाली खांबांची इमारत आहे, स्टेशनपासून पायी दहा मिनिटं पण नाही. जायच्या आधी वेबसाइटवर चित्र भिंतीवर आहे का ते बघून घे, अधूनमधून काढतात. आणि किनारपट्टीने लिहिलंय ते वाचून जा.